अंबरीश बोलला

१७ एप्रिल २००५, रविवार

छापून आलं! फोटोसकट!

अमेरिकेत अंबरीश ज्या गावाच्या टीमकडून खेळतो तिथल्या पेपरात, पहिल्याच पानावर. सकाळी त्याची ईमेल आली, सोबत एकच ओळ — 'आई, बसून वाच.' मी उभ्यानेच वाचलं. मग बसून वाचलं. मग प्रिंट काढून पुन्हा वाचलं, आणि प्रिंटरची शाई संपेपर्यंत आणखी चार प्रती काढल्या.

त्याच्या बेसबॉल टीममधले तीन खेळाडू बोललेत. ही काही टीव्हीवरची मोठी लीग नव्हे, तिच्या खालची. इथे गाळून-गाळून पोरं वर पाठवतात. तिघांनी सरळ सांगितलंय — 'आमच्या ड्रेसिंग रूममध्ये स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली जातात. सगळ्यांना माहीत आहे. कोच तोंड फिरवतात. टेस्ट कधी आहे ते आधीच कळतं. यापुढे न सांगता टेस्ट घ्या, आणि सुरुवात आमच्यापासून करा.' हे शेवटचं वाक्य माझ्या मुलाचं! स्वतःच्या नावानिशी! कुणाचं नाव घेतलं नाही, कुणावर चिखल उडवला नाही. भल्याभल्यांनी तोंडाला कुलूप लावलंय आणि इंग्लंडातल्या वॉटफर्डचं हे बावीस वर्षांचं पोरगं बोललं!

तो त्यातला नाही म्हणूनच बोलू शकला. नाहीच मुळी! वाचता वाचता मला एवढं रडू का आलं कोण जाणे. श्रीनिवास म्हणाला, "अगं, चांगली बातमी आहे ना ही?"

१८ एप्रिल

शॉपमध्ये काउंटरखाली एक प्रत ठेवली होती. औषधं घ्यायला आलेल्या अकरा जणांना दाखवली. मिस्टर हिगिन्स म्हणाले, "बेसबॉल? म्हणजे आपलं राऊंडर्सच ना, डिअर?" राऊंडर्स! शाळेतल्या मुली खेळतात ते! त्यांच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या मी अगदी सावकाश, एकेक पाकीट तपासून दिल्या.

२४ एप्रिल, रविवार

राऊंडर्सचा टोमणा काही पहिला नाही. बाप म्हणून श्रीनिवासने पोराच्या हातात बॅट दिली होती ती क्रिकेटची. अंबरीशचा थ्रो जबरदस्त — बाउंड्रीवरून थेट स्टंपात. पण शाळेतल्या एका अमेरिकन मुलाच्या वडिलांनी त्याला रविवारी त्यांच्या बेसबॉलला नेलं आणि आमचा पोरगा गेला तो गेलाच. श्रीनिवास महिनाभर सुतक पाळल्यासारखा वावरत होता. इथल्या महाराष्ट्र मंडळात तर विचारायलाच नको. "क्रिकेटमध्ये जमलं नाही का हो?" — हे मधुमतीने मला तीन वेगवेगळ्या दिवाळ्यांना विचारलंय. मग अठराव्या वर्षी अमेरिकेचं काँट्रॅक्ट आलं, तेव्हा सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. मी मनसोक्त बघितले.

आज फोनवर मात्र त्याचा आवाज पडलेला. टीममध्ये कुणी बोलत नाही त्याच्याशी. नऊ तासांच्या बसप्रवासात शेजारची सीट रिकामी. बुटांत कुणीतरी शेव्हिंग फोम भरून ठेवला. तिघांतला एक जण तर आता म्हणतोय, पेपरवाल्याने माझं बोलणं उलटसुलट छापलं!

"आणि तू?" मी विचारलं.

"मी काय? मी बोलला ते बोलला."

शाब्बास रे माझ्या वाघा!

१ मे

मंडळाचा महाराष्ट्र दिन. अध्यक्ष मुरलीधररावांनी माइकवरून जाहीर केलं — जूनच्या स्नेहसंमेलनात अंबरीशचा सत्कार! तो येऊ शकला नाही तर त्याच्या वतीने आम्हा दोघांचा. मुरलीधरराव चाळीस वर्षं इथे जीपी डॉक्टर होते. म्हणाले, "आमच्या पोरांत डॉक्टर पैशाला पासरी आहेत. पण चारचौघांत खरं बोलायला छाती लागते!" मधुमती त्यांची बायको. तिने स्वतः येऊन माझा हात हातात घेतला. क्रिकेटचं नाव काढलं नाही!

१४ मे

काढून टाकलं त्याला. कारण काय, तर 'परफॉर्मन्स'. गेल्या तीन मॅचेसमध्ये सगळ्यात चांगलं पिचिंग — बेसबॉलमधली बोलिंग — त्याचं होतं, आणि म्हणे परफॉर्मन्स! चोर ते चोर आणि वर शिरजोर!! आज शॉपमध्ये मी औषध कंपन्यांच्या दोन रेप्सना उगाचच झापलं.

पण काढून टाकलं याचाच अर्थ त्याचं बोलणं त्यांना झोंबलं. मी तेच धरून बसलेय.

२१ मे

हीथ्रोवरून घेऊन आलो. खूप हडकलाय. आमटीभात तीनदा वाढून घेतला. काल एक फोन आला होता तो निरोप मी त्याचं पान वाढल्यावरच दिला — ब्रिटनच्या टीमवाल्यांना तो हवाय! जुलैत युरोपातल्या स्पर्धेला. ब्रिटनचा शर्ट, पाठीवर आमचं आडनाव. इथल्या लोकांना ते कसं उच्चारायचं तेही शिकावं लागेल आता. श्रीनिवासने लगेच विचारलं, "तिकिटं कुठे मिळतात?" बेसबॉलची! श्रीनिवासने!

अंबरीश हसला नाही. दमला असेल.

५ जून, रविवार

जेवणं झाली आणि तो म्हणाला, "आई, बाबा, उठू नका. मला सांगायचंय."

त्याने ती इंजेक्शनं घेतली होती. त्यानेसुद्धा. गेल्या ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत. "खांदा दुखत होता. आणि बाकी सगळे स्ट्राँगर होत होते, आय वॉज फॉलिंग बिहाइंड. मग मी बंद केला. पण पेपरमध्ये ते नाही सांगितला. अर्धाच सांगितला." सगळं बोलून झाल्यावर त्याने स्वतःची ताटली उचलली, धुतली, आणि परत येऊन बसला.

श्रीनिवास उठून लॉन कापायला गेला. कालच कापलं होतं. परत आला तो माझ्यावरच घसरला — "तू फार्मासिस्ट ना गं? ख्रिसमसला चांगला आठ दिवस घरी होता. तुला काही दिसलं नाही?"

मी म्हटलं, "मला तो किती जेवतोय ते दिसलं."

आणि याहून कहर म्हणजे त्याला हे सत्काराच्या वेळी सांगायचंय! स्टेजवर! दोनशे माणसांसमोर! मी दम दिला, मग गोड बोलले, मग पुन्हा दम दिला. म्हटलं, सांगायचंच तर त्या पेपरला पत्र लिही. इथे कशाला? आम्हाला या लोकांत राहायचंय. दोन वर्षांची बंदी येईल, ब्रिटनचा शर्ट जाईल, आणि मंडळातली माणसं पुढची वीस वर्षं चघळतील.

"आई, पेपर तिकडचा आहे," तो म्हणाला. "शाल इथले लोक देणार. मग मी इथेच सांगायला पाहिजे."

"आणि शर्ट?"

"जाऊ दे."

जाऊ दे म्हणे! चार वर्षं उन्हातान्हात खपला, बसमध्ये झोपला, त्या मेल्या खांद्याला बर्फ लावून बसला — आणि जाऊ दे!

८ जून

मुरलीधररावांना फोन करून सत्कार रद्द करायला सांगावं म्हणून दोनदा रिसीव्हर उचलला. दोनदा ठेवला.

११ जून

त्याच्याशी बोलत नाहीये. त्याच्या कुर्त्याला इस्त्री मात्र केली, एक सुरकुती ठेवली नाही.

१२ जून, रविवार

आत्ताच आलो. चपलासुद्धा काढल्या नाहीत, आधी लिहून घेते.

शाळेचा हॉल गच्च. मुरलीधररावांचं भाषण वीस मिनिटं, त्यात 'प्रामाणिक' हा शब्द नऊ वेळा. मी मोजत होते, दुसरं काय करणार! मग त्यांनी शाल उलगडली आणि अंबरीशने हात वर केला. "काका, एक मिनिट. शाल नंतर."

त्याने माइक हातात घेतला. तो बोलला ते शब्द न् शब्द लिहून ठेवते —

"नमस्कार. माझी मराठी खराब आहे, सॉरी. मी पेपरमध्ये सांगितला की आमच्या टीममध्ये लोक स्टेरॉइड घेतात. ते खरं आहे. पण मी पण घेतला. पाच महिने. माझ्याच हातानी. मग मी थांबला, पण ते सांगायला घाबरला. तुम्ही मला ऑनेस्ट म्हणून शाल देता, तर हे आधी ऐका. मग द्यायची की नाही, तुम्ही ठरवा. आणि माझ्या आईबाबांना काही माहीत नव्हता. आईला तर अजिबात नाही."

मुरलीधरराव हातात शाल धरून तसेच उभे, पुढे जावं की मागे कळेना त्यांना. आणि मग मधुमती — होय, तीच मधुमती! — पहिल्या रांगेतून म्हणाली, "अहो, बघत काय राहिलात? घाला ना त्याच्या अंगावर!" तरी ते हलेनात. तेव्हा ती स्वतः गुडघे सांभाळत स्टेजच्या पायऱ्या चढली, त्यांच्या हातातून शाल काढून घेतली आणि अंबरीशच्या खांद्यावर घातली. नारळ दिला. आणि त्याच्या पाठीवर एक धपाटाही घातला, माइकमध्ये ऐकू आला.

टाळ्या वाजल्या. सगळ्यांनी नाही वाजवल्या. मागचं एक कुटुंब उठून गेलं. जाऊ दे त्यांना! श्रीनिवास उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

एवढा अभिमान मला कधीच वाटला नव्हता. छापून आलं त्या दिवशीही नाही. तेव्हा मी प्रती वाटत सुटले होते. आज मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. माझा मुलगा! एवढं सगळं हातचं जाणार हे माहीत असून बोलला!

नंतर बटाटेवड्यांच्या टेबलापाशी एकेक जणी येऊन मला जवळ घेत होत्या. "बिचारी! तुला काहीच पत्ता नव्हता ना गं?" मी मान हलवली आणि चहा ओतत राहिले.

१४ जून

त्याने ब्रिटनच्या टीमला पत्र पाठवलं. सगळं लिहिलंय, तारखांसकट. शर्ट गेला. पत्र टाकून आल्यावर श्रीनिवासबरोबर बागेत बॉल फेकत बसला. श्रीनिवासला तो बेसबॉलचा ग्लोव्ह नीट घालता येत नाही. दोघं हसत होते.

१६ जून

ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी त्याचे कपडे धुवायला काढताना बॅगेत मोज्यात गुंडाळलेली ती छोटी बाटली आणि सुया मला मिळाल्या होत्या. लेबल वाचलं. मला कळलं. बाटली, सुया होत्या तशा मोज्यात गुंडाळून परत ठेवल्या, कपडे धुऊन वर भरले आणि गप्प बसले. या वहीतसुद्धा लिहिलं नाही.

आज त्याला सांगितलं.

"मला माहीत आहे, आई," तो म्हणाला. "बॅगमधले सगळे कपडे घडी केलेले होते. मी तीन दिवस वाट बघितली, तू ओरडशील म्हणून."