रेघेच्या उजवीकडे

९ ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा एक. सकाळच्या उपग्रहाच्या चित्रात भर समुद्रात ढगांचा पुंजका दिसला. अजून आकार ना उकार. वेधशाळेतल्या साहेबांना दाखवला. ते म्हणाले, बाई, जरा दमानं घ्या.

दमानं घ्या, कारण मे महिन्यात मी अख्खा किनारा रिकामा करायला लावला आणि वादळ दोनशे किलोमीटरवरून वळून समुद्रातच विरलं. तेव्हापासून गावात माझं नाव 'वादळबाई'. इस्त्रीवाला तर रोज गंभीर चेहऱ्यानं विचारतो, आज कपडे वाळत घालू ना? मीही हसते. करणार काय!

१० ऑक्टोबर

समुद्राचं पाणी तीस अंशांवर. वादळाला साडेसव्वीस पुरतं, हे म्हणजे आंघोळीला काढल्यासारखं. पाणी तापतं, वाफ वर चढते, तिचे ढग होताना ती आपली उष्णता सोडते. त्यानं हवा आणखी वर, खालचा दाब आणखी कमी. ती जागा भरायला चहूकडून वारे धावतात, आणि पृथ्वी फिरते म्हणून सरळ न पोचता गरगरत राहतात. एकच अट — वरच्या थरातल्या वाऱ्यांनी लुडबुड करायची नाही. ते जोरात वाहू लागले की मांडलेला डाव मोडतो.

माझा संसार असाच मोडला. वरच्या थरातली लुडबुड. सासूबाई, दोन नणंदा आणि एक मामेसासरे.

या वेळी समुद्रावर वरचे वारे गप्प आहेत. एकेकाचं नशीब.

११ ऑक्टोबर

संध्याकाळी सातला बाबांचा फोन. बंदरावर चौतीस वर्षं वादळाचे बावटे चढवले त्यांनी. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण नोकरी चालूच आहे. टेकाडावरच्या घरात एकटे राहतात, भिंतीवरच्या पितळी दाबमापकावर टिचकी मारतात, स्वतःचा आकडा सांगतात आणि मग माझा विचारतात — मी जणू त्यांच्या हाताखाली लागले आहे. माझी प्रत्येक सूचना रेडिओवर ऐकून वहीत उतरवतात. कौतुकानं नाही, चुका काढायला.

"तुझं मे महिन्याचं वादळ पोचलं का गं?" पाच महिने झाले. विनोद तोच.

१२ ऑक्टोबर, रविवार

चक्रीवादळ झालं. यादीतलं पुढचं नाव मिळालं. इतकं गोंडस नाव, की कुणी भिईल अशी आशाच नको.

दुपारी पत्रकार. मी नकाशा लावला आणि शाळेतल्यासारखं सांगितलं: ही रेघ म्हणजे वादळ नव्हे. ही केंद्राची संभाव्य वाट. वादळ तीनशे किलोमीटर रुंद आहे. आपल्याकडे ते घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून ते पुढं सरकतं त्या दिशेनं तोंड केलं, तर केंद्राच्या उजव्या हाताचा वारा समुद्र उचलून जमिनीवर आणतो आणि डावीकडचा उलट पाणी मागे ढकलतो. वाऱ्यापेक्षा पाणी जास्त माणसं मारतं. तेव्हा रेघ पाहू नका. किमान दहा वेळा म्हणाले असेन.

पहिला प्रश्न: "मॅडम, रेघ नेमकी कुठल्या गावावरून जाते?"

१३ ऑक्टोबर

सकाळच्या नकाशात रेघ बंदराच्या टेकाडावरून गेली. टेकाडावर एकच घर आहे.

बाबांना लगेच फोन. म्हटलं, ताईकडे जायचं, आजच्या आज. मी भांडणाची पुरती तयारी करून बसले होते. गुडघ्याच्या ऑपरेशनलासुद्धा घर सोडायला तयार नव्हते हे गृहस्थ! पलीकडे दाबमापकावर टिचकी वाजली. मग म्हणाले, "थोरलीकडे? बरं."

बरं! अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा. म्हणजे माझ्या अंदाजावर घरात एका माणसाचा तरी विश्वास आहे तर. ताईला फोन करून सांगितलं, गाडी घेऊन जा, बाबांना आण. ताईचं घर किनाऱ्यानं पंचेचाळीस किलोमीटर पुढं, खाडीच्या काठी. रेघेपासून चांगलं लांब.

संध्याकाळी ताईचा फोन. हसू आवरत नव्हतं तिला. बाबा सुखरूप पोचले, पण पिशवीत एक सदरा नाही — बंदरावरची शिट्टी आणि जाडजूड दोर तेवढा घेऊन आलेत. म्हातारपण, दुसरं काय, असं आम्ही दोघींनी ठरवलं. जीव भांड्यात पडला.

१४ ऑक्टोबर

वादळाचा डोळा उघडला. भोवती ताशी एकशे सत्तरचा वारा आणि मधोमध निवांत निळं आभाळ. आमच्या कचेरीत साहेबांची खोली तशीच आहे.

उद्या दुपारी दोनच्या सुमारास किनाऱ्यावर. प्रशासनानं गावं हलवायला घेतली — फक्त रेघेवरची! नियंत्रण कक्षाला फोन करून घसा सुकवला. रुंदी बघा, रुंदी. ते म्हणाले, मॅडम, मे महिन्यात रुंदीच बघितली होती.

सातला बाबांचा फोन, ताईच्या घरून. चेष्टा नाही, दाब नाही. एवढंच विचारलं, उद्या भरती कितीला? म्हटलं, एक चाळीसला. "बरं," म्हणाले आणि ठेवला. दोन दिवसांत दोनदा बरं. सुधारणा आहे.

१५ ऑक्टोबर

लिहायचं मन नाही. तरी लिहिते.

पाण्याची सविस्तर सूचना आज पहिल्यांदा निघाली. सकाळी दहाला मीच रेडिओवर वाचत होते. 'केंद्राच्या उजवीकडील खाड्यांमध्ये भरतीच्या पातळीवर तीन ते चार मीटर पाणी चढण्याची शक्यता…' आणि थांबले. पलीकडून विचारलं, मॅडम, आवाज गेला का?

उजवीकडच्या खाड्या तीन. मधल्या खाडीवर ताईचं घर.

बाबांना मी तिथं पाठवलं. बावीस वर्षं लोकांना रेघ पाहू नका म्हणून दटावणारी मी. माझा माणूस रेघेखाली आला आणि मला रेघेशिवाय काही दिसलं नाही. टेकाडावर पाणी चढूच शकत नव्हतं. उडाले असते तर चार पत्रे उडाले असते.

ताईचा फोन लागेना. नऊपासून तिकडचे मनोरे बंद. नियंत्रण कक्ष म्हणाला, आता गाडी जाणार नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी केंद्र किनाऱ्यावर आलं, रेघेपासून फक्त बारा किलोमीटरवर. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली — इतका अचूक अंदाज या कचेरीत आजवर झाला नव्हता म्हणे. मी मोरीत जाऊन ओकले.

१६ ऑक्टोबर

फोन बंद. रस्ता बंद. मी कामावर.

१७ ऑक्टोबर

जमिनीवर आलं की वादळाची उपासमार सुरू होते. खाली तापलेलं पाणी नाही, वाफ नाही. झाडांवर, डोंगरांवर, घरांवर आपटून वारा दमतो. काल दुपारपर्यंत त्याचं नुसतं कमी दाबाचं क्षेत्र राहिलं. आता ते आत कुठंतरी पाऊस पाडतंय. एवढी दहशत घालून आलेलं, आणि दीड दिवसात कुणी विचारत नाही.

इस्त्रीवाला आज वाळत घालण्याचं बोलला नाही. उठून उभा राहिला. मला त्याच्याकडे बघवेना.

ताईच्या दोन्ही मुली पोहायला शिकल्यात का, ते मला माहीत नाही. मावशी ना मी त्यांची!

१८ ऑक्टोबर, शनिवार

जिवंत आहेत. सगळे.

ताईनं कुणाच्या तरी फोनवरून चार मिनिटं बोलून घेतलं. पाणी माळ्यापर्यंत आलं. घरात आता चिखल आणि दुसऱ्या कुणाचं तरी कपाट आहे. पण खाडीकाठच्या तिच्या गल्लीतली एकतीस घरं भरतीच्या आधीच टेकडीवरच्या शाळेत पोचली होती. बाबांनी दारोदार जाऊन शिट्ट्या मारल्या. सगळ्यांना एकच सांगितलं: माझी धाकटी वेधशाळेत आहे, तिचा फोन आलाय, वर चला. चढणीवर दोर बांधला आणि म्हाताऱ्यांना त्याला धरून चढवलं. स्वतः शेवटी.

फोन ठेवून टेबलाखाली बसून रडले. साहेब आत आले, बाहेर गेले.

२१ ऑक्टोबर

गल्लीचं पत्र आलं, एकतीस घरांच्या सह्यांचं. 'आपण वेळेवर फोन केलात म्हणून…' साहेबांनी ते फलकावर लावलं. मी म्हटलं, साहेब, मी असा फोन केलाच नव्हता. मी नेमका उलटा केला होता.

ते म्हणाले, "बाई, आलेलं श्रेय परत पाठवायचा अर्ज आपल्याकडे नाही."

मनाशी हिशेब लावला: बाबांनी दहाची सूचना रेडिओवर ऐकली असणार. म्हणजे लेक चुकली, तरी तिचा कागद बरोबर होता. तेवढ्यावर तीन दिवसांनी झोप लागली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

रस्ता उघडला. ताईकडे जाऊन आले. बाबा टेकाडावर परतलेत. पत्रे खरोखर चारच उडाले.

चिखल उपसता उपसता ताईला विचारलं, माझी सूचना कुठल्या रेडिओवर ऐकलीत? ती म्हणाली, कसली सूचना? सकाळी आठलाच वर गेलो होतो आम्ही. मग तिनं घमेलं खाली ठेवलं. मला सांगायचं नव्हतं म्हणे. तेराला बाबा गाडीतून उतरले आणि पायरीवर उभे राहूनच म्हणाले, "धाकटीला माझी काळजी लागली, आणि तुम्ही उजवीकडे आहात हेच ती विसरली. तिला कळू देऊ नकोस. दोन दिवस नकाशे काढायचेत तिला, हात कापायला नको."

म्हणून 'बरं'. मी त्यांना लपायला पाठवलं होतं. ते कामावर गेले होते. आणि त्या दिवशी ताईला मी एकदाही विचारलं नाही, तुमचं काय.

आत्ता सातला फोन आला. "दाब किती?"

म्हटलं, आकडा मागाहून. आधी सांगा, तुमचं काय?