चार दहाचं इंजेक्शन

१४ मार्च, रविवार

प्रिय ताई,

पाच वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफ कर. सकाळपासून बसतोय, उठतोय. खिडकी लावली, उघडली. चहा केला आणि ओट्यावरच विसरलो. बायको म्हणाली, "पायाला भिंगरी लागलीय का?" तिलाही अजून काही सांगितलेलं नाही.

आई बरी आहे. गुडघे थकलेत, जीभ नाही. तुझा फोन आला की मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलते.

मी सांभाळतो तो हॉस्पिटलचा जुना सर्व्हर आता मोडीत निघतोय. या आठवड्यात त्याच्यावरच्या नोंदी नव्या मशीनवर हलवल्या. पाच वर्षांपूर्वी आला तेव्हा तो दुसऱ्याच देशाच्या वेळेवर होता, अडीच तास पुढे. तू तेव्हा तिथेच नर्स; वॉर्डातून फोन केलास, "अरे शहाण्या, तुझ्या यंत्राच्या मते माझी ड्युटी संपली, जाऊ का घरी?" त्याच दुपारी मी टाइम झोन बदलला. एका ओळीचं काम. पडद्यावर बरोबर वेळ दिसली आणि मी खूश.

खाट नंबर नऊच्या आजोबांना त्याच दिवशी चार वाजता इंजेक्शन द्यायचं होतं. तू म्हणालीस, चार दहाला दिलं. नोंदीत सहा चाळीस. आजोबांची तब्येत बिघडली; ते वाचले, पण ठपका तुझ्यावर आला आणि नोकरी गेली. चौकशीत मला एकच प्रश्न विचारला: सर्व्हरचं घड्याळ बरोबर होतं का? मी म्हणालो, होतं. बाहेर जिन्यात तू इतकंच म्हणालीस, "तू तरी असं म्हणायचं नव्हतंस रे." त्यावर मी काय म्हणालो, तर "मशीनला बहीण-भाऊ नसतात!"

परवा नोंदी हलवताना दिसलं: क्रमांक ४१२ तुझी, सहा चाळीसची. लगेच पुढची ४१३, पाच दहाची. नंतरची नोंद आधीच्या वेळेची कशी? घड्याळ बदललं होतं, पण नोंदी लिहिणारा प्रोग्राम सकाळपासून चालूच होता. तो बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत जुनीच वेळ लिहीत राहिला. चौकशीसाठी फक्त नऊ नंबरच्या आजोबांचा कागद छापला होता, म्हणून हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

'कुणाच्या लक्षात आलं नाही' असं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. ताई, मी त्या दिवसाची माझी डायरी काढली. माझ्याच अक्षरात आहे: 'नोंदींचा प्रोग्राम जुन्याच वेळेवर. पाचला बंद करून पुन्हा चालू केला.' म्हणजे मला ठाऊक होतं. चौकशीत ते विसरलो होतो, की घड्याळाबद्दलच विचारलं म्हणून तेवढंच उत्तर देऊन मोकळा झालो? छातीवर हात ठेवून 'विसरलो' म्हणता येत नाही. तू मला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाहीये. तुझ्या नावावरचा ठपका माझ्या नावावर यायला हवा, आणि ते तुला तिसऱ्याच कुणाकडून कळू नये, म्हणून लिहिलं.

तुझाच,
धाकटा

उद्या: डायरीचं पान आणि दोन्ही नोंदी जोडून अधीक्षकांकडे अर्ज देणे; शिक्का मारून पोच घेणे.