साकारियाचा रविवार

१२ डिसेंबर २०११, सोमवार

शुक्रवार रद्द! तीस तारखेचा. रेडिओवर आज पुन्हा सांगितलं. गुरुवारी रात्री झोपायचं आणि उठायचं ते थेट शनिवारी. आपण रविवारी उपासनेला बसतो तेव्हा ऑस्ट्रेलियात सोमवार असतो, दुकानं उघडलेली असतात, आणि त्यात आपला व्यापार बुडतो म्हणे. म्हणून अख्खा सामोआ उचलून तारखेच्या रेषेपलीकडे ठेवायचा.

अमोसा दारातूनच ओरडत आला. तो कॅथलिक, शुक्रवारी मांस खात नाही. "आमचा मासळीचा वार सरकारनं कापला! रोमला विचारलं का कुणी?"

मी म्हटलं, "एक शुक्रवार गेला तर तुझंच पोट खूश."

"माझं सोड रे. साकारियाचं काय होणार?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

साकारिया, माझा शेजारी, शनिवारवाला. देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून शब्बाथ शनिवारीच — यावर तो बावीस वर्षं माझ्याशी भांडतोय. पण मधला एक दिवसच काढला, तर सात मोजायचे कसे?

१८ डिसेंबर, रविवार

आज पालुसामी अशी झाली होती की बोलायचं सुचेना. अळूच्या कोवळ्या पानांत नारळाचं घट्ट दूध, वरून नीरफणसाच्या पानाची पुडी. साकारियाच्या हातची.

आमची रीत लिहून ठेवायला हवी, कारण ती राहते की नाही शंका आहे. शनिवारी साकारिया हात हलवत नाही. मी त्याच्या कोंबड्यांना खोबरं टाकतो, गाय दुसऱ्या माडाला बांधतो. रविवारी मी पहाटेपासून चर्चमध्ये — झाडाला टांगलेला रिकामा गॅस सिलिंडर हीच आमची घंटा, ती बडवून गावाला उपासनेला बोलवायचं काम माझ्याकडे आहे. तेव्हा साकारिया माझ्या अंगणात उमू लावतो. लाकडं जाळायची, दगड तापवायचे, त्यावर कंद, मासे, पुड्या आणि आमचं डुक्कर मांडायचं, वर पानं झाकायची. गावात रविवारी काम बंद, पण घंटेआधी उमू झाकलेला असला की कुणी काही म्हणत नाही. उपासनेहून आलो की जेवण तयार. मग साकारिया, अमोसा, मी आणि माझी बायको लागी चटईवर बसतो ते ऊन उतरेपर्यंत.

गंमत अशी की साकारिया डुकराला तोंड लावत नाही. त्यांच्यात वर्ज्य. मान एका बाजूला वळवून, लांब चिमट्यानं तो ते दगडांवर ठेवतो. आणि गावात असं डुक्कर दुसऱ्या कुणाला जमत नाही! दर रविवारी विचारतो, "कातडी कुरकुरीत झालीय का?"

अमोसा आज म्हणाला, "जन्मात चव न घेता तू असं शिजवतोस, घेतली असतीस तर काय केलं असतंस?"

"पाप," साकारिया म्हणाला आणि मासळी ओढली.

बावीस वर्षं मी रोज प्रार्थना करतो — प्रभो, माझ्या मित्राला तुझा रविवार दाखव. आज जेवताना हीच प्रार्थना आठवली. समजा दाखवला, या तारखेच्या घोळात त्याचा शब्बाथच रविवारी आला. मग रविवारी तो दिवसभर पलीकडच्या गावात त्याच्या मंडळीत असणार. तिथंच जेवणार. दिवस मावळेपर्यंत चूल पेटवणार नाही. माझ्या चटईवर कधी बसणार?

२० डिसेंबर, मंगळवार

प्रार्थनेतलं ते वाक्य आज गाळलं. देवाच्या लक्षात येईल असं वाटत नाही. खूप लोक मागत असतात.

२४ डिसेंबर, शनिवार

साकारिया त्यांच्या उपासनेहून उशिरा आला. मंडळीत वाद झाला. काही म्हणतात दिवस मोजा — सरकारनं मधला काढला तरी सातवा तो सातवाच, नव्या तारखेनं तो रविवारी येतो. काही म्हणतात, ज्याला शनिवार म्हणतात तोच शनिवार. ठरलं नाही. वडीलधारे पत्र पाठवणार आहेत.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटून काय उपयोग? मंडळी म्हणेल ते."

मग हसला. "मोजून रविवार आला तर तू जिंकलास, पेनी. नाच."

नाचलो नाही.

२५ डिसेंबर, रविवार

नाताळ. अमोसानं नारळाच्या दुधातला ऑक्टोपस आणला. साकारियानं भांडं दुरूनच ओळखलं. तेही त्यांच्यात वर्ज्य. "त्या आठ पायांना माझ्या पुड्यांपासून लांब ठेव!" लागीनं कोकोतला भात केला होता. सगळ्यांनी वाढून वाढून घेतला. चांगला दिवस.

पुढच्या रविवारी, एक तारखेला, पाळक आमच्याकडे जेवायला येणार. लागी आतापासून घाबरीघुबरी.

२७ डिसेंबर, मंगळवार

बसवाल्यानं साकारियाला मंडळीचं पत्र आणून दिलं. त्याला गेलं वर्षभर बारीक अक्षर दिसत नाही. फुआतिनो — त्याची बायको — मुलीच्या बाळंतपणाला आपियाला गेलीय. म्हणून तो कागद घेऊन माझ्याकडे आला. मी डुकराचं कुंपण दुरुस्त करत होतो.

"वाच रे. काय ठरलं?"

दोन परिच्छेद होते. आधी मी मनात वाचले. मग पहिला मोठ्यानं वाचला — नव्या दिनदर्शिकेतही शनिवार हा शनिवारच असल्यानं त्याच दिवशी जमावं, असं काही बंधूंचं मत आहे आणि या मताचा आम्ही आदर करतो.

दुसरा परिच्छेद 'परंतु'नं सुरू होत होता.

मी कागदाची घडी घातली.

"म्हणजे शनिवारच?" साकारियानं विचारलं.

"आदर करतो म्हणतायत."

"मग झालं!" त्यानं इतका मोठा श्वास सोडला की डुक्कर दचकलं. "खरं सांगू? मला धास्ती होती. रविवार केला असता तर तुझ्या घरचं जेवण गेलं असतं." मग म्हणाला, "कागद तुझ्याकडेच ठेव. माझ्याकडे कोंबड्या चोचीनं फाडतात."

मी एकही शब्द खोटा वाचला नाही. हे मी संध्याकाळपासून स्वतःला सांगतोय.

२९ डिसेंबर, गुरुवार

उद्याचं पान नाही. अमोसा म्हणतो, उद्या करायची सगळी पापं माफ, कारण उद्याच नाही. मी म्हटलं, आणि आधीची? म्हणाला, "ती तुझ्यासारख्या माणसाकडे कुठून असणार!"

सांगायचं तर आजच सांगायला हवं होतं. त्याच्या घरापर्यंत गेलो. तो पायरीवर बसून पांढरा सदरा घासत होता, शनिवारच्या उपासनेसाठी. गाय कुठं बांधायची एवढं विचारून परत आलो.

३१ डिसेंबर, शनिवार

पहाटे साकारिया पांढरे कपडे घालून, बायबल काखेत धरून निघाला. मी त्याच्या कोंबड्यांना खोबरं टाकत होतो. हात वर करून गेला.

दुपारी आला. एकटाच चालत, बस नव्हती. चर्चला कुलूप होतं. तो पायरीवर बसला, वाट पाहिली. कुणी येईना. मग एकट्यानंच उपासना केली. गीतं म्हटली — खालचा सूर, वरचा सूर, जमेल तेवढे सगळे. स्वतःच प्रार्थना, स्वतःच आमेन.

"लोकांचा गोंधळ झाला असणार," मला म्हणाला. "शुक्रवार गेला ना! बिचारे, शब्बाथ चुकवून बसले. पेनी, अख्ख्या मंडळीत आज मी एकटाच होतो रे."

त्याच्या आवाजात जराशी ऐट होती. ती ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लागीनं त्याला गवती चहा दिला. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "पाय दुखले असतील." एवढंच.

१ जानेवारी २०१२, रविवार

लिहायला नको वाटतं. लिहितो.

सकाळी मी सिलिंडरपाशी होतो. तिथून रस्त्यापलीकडे आमचं अंगण सरळ दिसतं. दगड लाल झाले होते. साकारिया उघड्या अंगानं, कोपरापर्यंत काजळी, चिमट्यात आमचं डुक्कर धरून वाकलेला. आज सगळ्यांत मोठं होतं, पाळकांसाठी.

तेवढ्यात बस आली. नेहमीची लाकडी बस, पण रविवारी? आत सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्याचीच मंडळी. इकडच्या गावांतली माणसं गोळा करत शब्बाथला निघालेली. गात होते.

बस हळू झाली. गाणं एकेका खिडकीतून बंद होत गेलं. पुढच्या बाकावर मंडळीतले म्हातारे वडीलधारे बसले होते. त्यांनी पाहिलं — आपला साकारिया, शब्बाथच्या सकाळी, विस्तवावर डुक्कर भाजतोय!

साकारियानं आधी ओळखून हसत चिमटा वर केला. डुकरासकट. मग ते पांढरे कपडे त्याच्या ध्यानात आले.

बस गेली. तो तसाच उभा. मग डुक्कर अलगद खाली ठेवलं, चिमटा ठेवला, आणि घरी चालत गेला. उमू उघडाच. मी सिलिंडर बडवायचा विसरलो. पाळकांचा माणूस आला तेव्हा बडवला.

पाळक जेवायला आले. डुक्कर आतून कच्चं, रक्ताळलेलं. पालुसामीच्या पुड्या दगडांपर्यंत पोचल्याच नव्हत्या. लागीनं खारं गोमांस डब्यातून काढून वाढलं. पाळक म्हणाले, "देवानं दिलेलं सगळं चांगलंच." मग हळूच, "साकारिया बरा आहे ना?"

"असेल," मी म्हटलं.

अमोसानं दिवसभर एकही विनोद केला नाही.

२ जानेवारी, सोमवार

लागीनं पत्र मागितलं. वाचलं. ती माझ्यापेक्षा हळू वाचते, पण शेवटपर्यंत वाचते.

"'परंतु' दिसलं नाही तुला?"

"दिसलं."

"त्याच्या खाली पाच ओळी आहेत."

"सहा," मी म्हटलं.

तिनं पत्र मला परत दिलं. मग आतून तिच्या आईची बारीक विणीची चटई काढली, लग्नात आलेली. माझ्यासमोर ठेवली.

म्हणजे काय ते सांगायला नको. ज्यानं मोठा अपराध केला त्यानं पहाटे दुसऱ्याच्या दारात जाऊन बसायचं, डोक्यावरून चटई ओढून. घरातला माणूस बाहेर येऊन चटई उचलेपर्यंत हलायचं नाही. त्यानं उचलली तर माफ. नाही उचलली तर दिवसभर बस उन्हात. हे रक्त सांडल्यावर करतात, नाही तर कुणाच्या अब्रूला हात घातल्यावर.

"पत्राच्या सहा ओळींसाठी?" मी विचारलं.

"त्या ओळींसाठी नाही," लागी म्हणाली. "त्या बससाठी."

३ जानेवारी, मंगळवार

पाऊस. चटई भिजेल. गेलो नाही.

४ जानेवारी, बुधवार

पाऊस नाही. तरी गेलो नाही.

अमोसाला सगळं सांगितलं. त्यानं डोकं खाजवलं. "आमच्याकडे कबुलीची खोली आहे. आत अंधार, मध्ये जाळी. चटईबिटई लागत नाही. येतोस का?"

"तुमचा पाद्री मला घेईल?"

"नाही. पण बसायला छान आहे."

मग तो एकदम चिडला. इतक्या वर्षांत चिडलेला पाहिला नव्हता. "तुला त्याचं जेवण हवं होतं की तो?"

खरं उत्तर मला ठाऊक आहे. तो हवा होता. पण ते मी त्यालाच सांगायला हवं होतं — 'साकारिया, रविवारी तुझी उपासना झाली की येत जा, चुलीला हात नको लावूस, फक्त बस.' तेवढं बोलणं मला सुचलं नाही. कागदाची घडी मात्र चटकन घालता आली.

संध्याकाळी विहिरीपाशी साकारिया दिसला. त्यानं मान वळवली. की त्याला मी दिसलोच नाही? त्या डोळ्यांचं काही कळत नाही. लागीला सांगितलं, उद्या पहाटे नक्की.

५ जानेवारी, गुरुवार

चटई घेऊन दार उघडलं तर आमच्याच अंगणात, खडीवर, कुणी तरी डोक्यावरून चटई घेऊन बसलेलं. खालून साकारियाचे पाय.

"पेनी," आतून आवाज आला. "पाळकांसमोर तुला मान खाली घालायला लावली मी. कच्चं टाकून निघून गेलो. तू पत्र वाचलंस तेव्हा माझं लक्ष त्या डुकराकडे होतं, पुढचं नीट ऐकलंच नसणार. माझी चूक आणि शिक्षा तुझ्या घराला."

उचलायची होती ती चटई. उचलली नाही. माझी बाजूला टाकली, गुडघ्यांवर बसलो आणि त्याच्या शेजारी त्याच चटईखाली शिरलो. 'परंतु'पासून सगळं म्हणून दाखवलं. कागद लागला नाही, पाठच झालं होतं.

तो उठला नाही. ऊन वर आलं. ज्यांनी एकमेकांना माफ करायचं ते दोघंही आतच; आता चटई उचलायला बाहेर कोणीच उरलं नाही.