शाळेच्या मापाच्या रेघा

४ ऑगस्ट १९९७

बससुद्धा मीच चालवायची आहे! आज कळलं. आधी परवाना काढायचा, मग बाहेरगावच्या सामन्यांना त्या पिवळ्या डब्यातून पोरांना न्यायचं. अकरा वर्षं विद्यापीठाच्या संघाबरोबर विमानानं फिरलो. स्ट्रोमायर म्हणाले, "इथं सगळेच चालवतात, कोच. मीसुद्धा." जणू त्यामुळं ते शोभून दिसतं.

स्ट्रोमायर हे इथले मुख्य कोच. सकाळी इतिहास शिकवतात, दुपारी अमेरिकन फुटबॉल. आयुष्य याच शाळेत गेलं, आणि बहुतेक याच टोपीत. मी त्यांचा सहायक — बचावफळी माझ्याकडे. शिवाय सकाळी नववीला आरोग्यशास्त्र. दात कसे घासावेत, वगैरे.

७ ऑगस्ट

डेलानीशी फोनवर बोललो. विद्यापीठात तो बचावफळीचा प्रमुख होता, मी त्याच्या हाताखाली. मुख्य कोचला काढलं की सगळे सहायकही घरी जातात, हा आमच्या धंद्याचा रिवाज. तसे आम्ही गेलो. पण डेलानी म्हणतो, "डिसेंबरात कुठंतरी मुख्य पद मिळवतोच. तू तयार राहा. तुला सोडून मी कुठं जाणार?"

म्हणजे या गावात एक हंगाम काढायचा, एवढंच. मार्लीनला हे बोललो नाही. गाव तिचं माहेर. शाळा समितीवर तिचा काका आहे. त्यानंच मला इथं चिकटवलं. तिनं पडद्यांचं कापडसुद्धा आणलंय.

१८ ऑगस्ट

पहिला सराव. विद्यापीठात आम्ही पोरं निवडून आणायचो, देशभर हिंडून. इथं दार उघडायचं आणि जे आत येतील ते आपले. एकाला पळताना चष्मा सांभाळावा लागतो. एक जण अर्ध्यातच निघून गेला — गाईंच्या धारा काढायच्या होत्या. हे कारण म्हणून सांगतात, आणि मान्य होतं!

माझ्या डावपेचांची वही वाटली. लॉनी ती तळहातावर तोलत म्हणाला, "यांना खेळवायचंय का डॉक्टर करायचंय?" हा लॉनी सुतारकाम शिकवतो. पुढची फळी त्याच्याकडे आहे. तिथंही तो रंधाच मारत असावा.

एकच पोर कामाचं. टेट हर्गर्ट. शेवटच्या वर्षाला आहे, बैलासारखा रुंद, आणि तरी पहिल्या तीन पावलांत समोरच्याला गाठतो. हा इथं काय करतोय?

२२ ऑगस्ट

टॉवेल धुतले. अख्ख्या संघाचे. मी.

४ सप्टेंबर

उद्या घरचा पहिला सामना. मैदान आखायची पाळी माझी. लॉनीनं छपरीतून खुंट्या आणि गाठी मारलेली दोरी काढून दिली आणि गेला जत्रेत बैल दाखवायला. त्या गाठींप्रमाणं मधल्या तुटक रेघांच्या दोन रांगा एकमेकींपासून इतक्या लांब येत होत्या, की दोरी कुणी पिऊन बनवली असावी. फेकून दिली. टेप घेतला आणि स्वतः मोजून आखलं. पहिल्यांदाच या कुरणाला मैदानाची कळा आली.

५ सप्टेंबर

सामन्याआधी पंच मैदानात गेला, उभा राहिला, वाकला, मग पावलं मोजत आडवा चालू लागला. मला कळलंच, रेघा चुकल्यात.

खेळ थांबला की चेंडू त्या दोन रांगांच्या आतच मांडायचा असतो. विद्यापीठात त्या जवळजवळ असतात. शाळेत लांब, मैदानाचे तीन सारखे भाग पडतात. हे मी कधीतरी शिकलो होतो. शाळेत असताना मी त्याच रेघांवर खेळलोही असेन. पण माझ्या डोळ्यांनी विद्यापीठाचं माप धरून ठेवलंय, आणि मी शाळेच्या मैदानावर विद्यापीठ आखून ठेवलं.

प्रेक्षक भरलेले. वाद्यवृंद वाजवायचा थांबला. स्ट्रोमायर, लॉनी आणि मी गुडघ्यांवर बसून आधी हिरव्या रंगानं माझ्या रेघा पुसल्या, मग त्या मूर्ख दोरीनं नव्या मारल्या. वरून कुणीतरी ओरडलं, "कोच, आमच्या अंगणातही मारून द्या!" सगळा गाव हसला. मार्लीनचा काकाही.

सामना हरलो. चेंडू कडेच्या रांगेवर मांडला की मैदानाची रुंद बाजू सारखी उघडी पडत होती. माझी पोरं माझ्याच मापानं उभी होती.

८ सप्टेंबर

लॉनी: "काय विद्यापीठ, कॉफी?" आता सगळे हेच म्हणतात. पेट्रोल पंपावरचाही. यांना वर्षभर पुरेल. यांच्याकडे दुसरं आहे काय?

१० ऑक्टोबर

सलग चार जिंकलो. गावाला वाटतं स्ट्रोमायरची कृपा. काम सगळं टेट करतोय. त्याच्या खेळाच्या कॅसेटी डेलानीला पाठवतोय, म्हणजे मी अजून काय घडवू शकतो ते दिसेल. डेलानीचं उत्तर नाही.

१४ नोव्हेंबर

बाद फेरीत हरलो. पोरं रडली, बापही रडले. लॉनी रडला! मी बस चालवली. शाळेत पोचलो तर चर्चच्या बायका गरम बीरॉक घेऊन उभ्या — कोबी आणि खिमा भरलेले पाव. हरल्यावर जेवण! विद्यापीठात हरल्यावर आम्ही एकमेकांच्या नजरेलाही नजर देत नव्हतो. इथं वाढतात.

तीन खाल्ले. भूक होती.

९ डिसेंबर

डेलानीला पद मिळालं. मुख्य कोच, तीन राज्यं पलीकडे. त्यानंच फोन केला. "लाइनबॅकरचं काम तुझं," म्हणाला. म्हणजे बचावाची मधली फळी माझी. आणि लगेच, "तो हर्गर्ट आणतोस ना बरोबर?"

म्हटलं, तो इथल्या कॉलेजात जायचं म्हणतोय, गाडीनं तासाभरावर. "मग त्याचं मन वळव. तुझं तो ऐकेल. तुझी कागदपत्रं फेब्रुवारीत करू, पोरांच्या सह्या झाल्या की."

संपलं एकदाचं. पिवळी बस, टॉवेल, दात.

११ डिसेंबर

स्ट्रोमायरना सांगितलं. अभिनंदन केलं. मग टोपी काढून आत पाहत बसले.

"पोराच्या बापाचं कंबरेचं हाड गेलंय. तासाभरावर असला तर शनिवार-रविवार येऊन शेत बघेल, असं ठरलंय त्यांचं."

"त्याच्यासारख्यानं गहू पेरायचा?"

"तुमच्या हातात काही लेखी आलंय?"

मी हसलो. म्हटलं, आमचा धंदा शब्दावर चालतो.

"मग जरा थांबा. तुमचं पक्कं होऊ द्या. नंतर पोराशी बोला."

नंतर! फेब्रुवारीत सह्या झाल्यावर? एकदा सही केली की पोर त्या विद्यापीठाचं, मागं फिरणं नाही. म्हाताऱ्याला हा धंदाच कळत नाही. आपलं एकुलतं एक चांगलं पोर जवळ राहावं, एवढंच त्याला हवंय. जन्मभर एकाच कुंपणाच्या आत राहिलं की दुसऱ्यालाही तिथंच बांधावंसं वाटतं.

१४ डिसेंबर

हर्गर्टच्या घरी गेलो. व्हर्जिल, टेटचा बाप, काठी टेकत दारापर्यंत आला. चांगला माणूस, पण सगळं तोंडावर लिहिलेलं. त्यानं एकच विचारलं, "इतक्या लांब आमचं ओळखीचं कुणी नाही. तुम्ही असाल ना तिथं?"

"रोज," म्हटलं.

बाप पोराकडे बघत राहिला. "माझं काय, मी बघतो माझं," म्हणाला. "कोच असतील तर जा."

मैदानात पहिलं पाऊल उचलायच्या आधी टेटच्या चेहऱ्यावर जे येतं तेच आलं होतं. निघताना त्यानं माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून दिला.

२० जानेवारी

राजीनामा दिला. जागेवर माणूसही घेतला यांनी — पलीकडच्या तालुक्यातला, गणित शिकवतो. लॉनी म्हणाला, "जा, विद्यापीठ. दोरी हवी तर घेऊन जा." मार्लीननं पडदे उतरवले.

४ फेब्रुवारी १९९८

शाळेच्या ग्रंथालयात टेटनं सही केली. डेलानीच्या विद्यापीठाची टोपी घातली. जवळच्या कॉलेजानं त्याची जागा दुपारीच दुसऱ्याला दिली, असंच असतं. व्हर्जिल कोट घालून आला होता. लॉनीच्या बायकोनं केक आणला, त्यावर साखरेच्या रेघा. शाळेच्या मापाच्या, म्हणे. अजून हसताहेत.

स्ट्रोमायर टेटचा हात बराच वेळ धरून होते. मग मला ओलांडून केककडे गेले. मत्सर, दुसरं काय.

९ फेब्रुवारी

डेलानीचा फोन. लाइनबॅकरसाठी त्यानं दुसरा माणूस घेतला. फ्लोरिडातला. तिकडची सहा पोरं तो घेऊन येतोय.

"तू एक आणलंस, आणि छान आणलंस. पण गणित समजून घे," म्हणाला. "तू धंद्यातला माणूस आहेस."

टेटचं विचारलं. "सही झाली की," म्हणाला. "तो येतोय."

१० फेब्रुवारी

टेट माझ्या खोलीत आला. तीच टोपी.

"कोच, सामान कधी हलवताय? बाबा म्हणाले, गव्हाचा ट्रक रिकामाच उभा आहे. तुमचं सगळं एका खेपेत जाईल."