घडीची सायकल: निफाड ते एकलहरे

१ डिसेंबर, रविवार. पहाटे ५.४०
उठलो. म्हणजे जाग आली. रजईतूनच लिहितोय. आजपासून हिवाळी सायकलिंग. नुसतं पेडल कुणीही मारतं. आमच्या ऑफिसातले खंडेराव तीस वर्षं काळ्या सायकलवर एकलहऱ्याच्या थर्मल पॉवर स्टेशनला येतात, त्याला कुणी सायकलिंग म्हणत नाही. माझ्याकडे योजना आहे. जाताना रेल्वे, येताना सायकल. नाशिकरोडहून गाडीनं निफाड, तिथून तीसेक किलोमीटर पेडल मारत एकलहऱ्याला घरी.
पॉवर स्टेशनच्या कॉलनीत सायकल ग्रुप निघतोय. सव्वीस जानेवारीला कॅप्टन जाहीर होणार. अट एकच: त्याआधी एक लांबची राइड मोबाइलच्या अ‍ॅपवर नोंदवलेली हवी. बावीस वर्षांत या कॉलनीनं मला गणपतीत सतरंज्या मोजण्यापलीकडे काही काम दिलेलं नाही. कॅप्टनपद मला हवंय. अगदी मनापासून हवंय.

५.५५
बाहेर नऊ डिग्री. उद्यापासून.

८ डिसेंबर
सायकल आली. घडीची. साधी सायकल गाडीत न्यायची तर आधी बुक करा, चिठ्ठी लावा, सामानाच्या डब्यापाशी धावा. घडी केली की तीच सायकल बॅगेत जाते. व्हिडिओतला माणूस वीस सेकंदांत घडी करतो. मला पहिल्या प्रयत्नात एक्केचाळीस मिनिटं लागली. सुरुवात म्हणून वाईट नाही.
बायको म्हणाली, तो खटका आधी वर ओढा. मोहिनीला यातलं काय कळणार? तिला समजावलं की हे मेकॅनिझम आहे, आपली पाहुण्यांची खाट नाही.

१५ डिसेंबर
सराव रद्द. निफाडला पारा सहावर म्हणे. माकडटोपी हेल्मेटच्या आत की बाहेर, यावर सकाळ गेली. आत घातली तर हेल्मेट बसत नाही, बाहेर घातली तर हेल्मेट दिसत नाही.
दुपारी कॅप्टनचं भाषण लिहून काढलं. पहिलं वाक्य: थंडी ही मनात असते. रजईत बसून लिहिलं, फार छान उतरलंय.

२२ डिसेंबर
खंडेरावांना योजना सांगितली. म्हणाले, आधी सिन्नर फाट्यापर्यंत एक चक्कर मारून बघा. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.
मोहिनी सोबत येणार. तिचं माहेर निफाडचं, चुलतभाऊ वाल्मीकला भेटायचंय. तिला ‘सपोर्ट टीम’ हे पद दिलं. काम लेखी दिलं: डबा सांभाळणे, फोटो काढणे, गाडीनं परत येणे. कागद वाचून हसली. का, ते सांगितलं नाही.

५ जानेवारी, रविवार. गाडीत
खेरवाडी गेल्यावर बॅगेची चेन फाटली आणि सायकल उघडली. अर्धीच. हँडल समोरच्या कांदा व्यापाऱ्याच्या पोटात. ते म्हणाले, मच्छरदाणी आहे का काय? निफाडला गाडी जेमतेम थांबते. मोहिनीनं खटका वर ओढला, सायकल मिटली, उतरलो. योगायोग.

९.१५, वाल्मीकचा मळा
पहाटे पारा चारवर गेलेला. द्राक्षांना थंडी लागू नये म्हणून बागेत ओळीनं पेटवलेल्या शेकोट्या अजून धुमसतायत. वाल्मीक म्हणाला, बसा दाजी, जरा शेका. वॉर्म-अप आवश्यकच असतो. तीन शेकोट्यांचे निखारे एकत्र ओढून घेतले. वाल्मीकनं ते मुकाट्यानं परत द्राक्षांखाली नेले. मग भरीत, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी. पुन्हा भाकरी.

११.३०
अ‍ॅप चालू. प्रस्थान.

११.५२
मळ्यातून डांबरी रस्त्यापर्यंत नऊशे मीटर. गुडघा. मोहिनी चालत येऊन माझ्यापुढे उभी.
“द्या इकडं,” म्हणाली. “मी सुकेण्याच्या शाळेत सायकलवरच जायचे.”
बावीस वर्षांच्या संसारात हे मला ठाऊक नव्हतं. तसं म्हणालो, तर म्हणाली, “तुम्ही विचारलं कधी?”
पदर खोचला, डबा माझ्या हातात दिला आणि गेली. हँडलच्या पिशवीत माझा मोबाइल. गाडीनं कुणी परत यायचं हे मीच लेखी दिलेलं होतं, त्यामुळे बोलता येईना.

सायंकाळी ६
मी पोचलो तेव्हा तिची भांडीसुद्धा घासून झाली होती. गाल लाल, आणि एकटीच हसत होती. तिला असं हसताना फार वर्षांनी पाहिलं. मला वाईट वाटलं. गुडघ्याचं.

६ जानेवारी
अ‍ॅपवर माझ्या नावानं राइड: तीस किलोमीटर, दोन तास दहा मिनिटं. विचार केला. फोन माझा, सायकल माझी, योजना माझी. तिनं फक्त पेडल मारलं. ग्रुपवर टाकलं. चौसष्ट अंगठे आले. खंडेरावांनी हात जोडले.
मोहिनीनं पाहिलं. आमटीत मीठ नव्हतं.

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर माझं नाव पुकारलं. कॅप्टन. गळ्यात शिट्टी घातली. थंडी ही मनात असते, इथवर बोललो आणि खंडेराव म्हणाले, आता कॅप्टननी पुढे व्हावं, कॉलनीला एक फेरी मारू. पोरं माझी सायकल स्टेजवर घेऊन आली. घडी केलेली. मी उघडायला बसलो.
अर्ध्या तासात लोकांनी चिवडा संपवला. कुणीतरी खुर्च्या गोळा करायला लागलं. मग मोहिनी स्टेजवर आली, खटका वर ओढला, सायकल उभी केली.
खंडेराव बघत होते. माझ्याकडे नाही, तिच्याकडे. म्हणाले, “वहिनी, निफाडहून येताना चढ कुठं लागला?”
“चढ नाही,” ती म्हणाली. “चितेगाव फाट्यापुढं वारा लागला.”
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. खंडेरावांनी माझ्या गळ्यातली शिट्टी काढून तिला दिली.
सगळे निघाले. काळी सायकल तिच्या मागे. मी बॅग धरून उभा. जाताना म्हणाली, “तुम्ही या मागून गाडीनं.”
इथं फक्त कोळशाची मालगाडी येते.