मूठभर द्राक्षं

३ फेब्रुवारी
कंपनीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर वाढलीय, बीपीही वाढलंय. महिनाअखेरीस परत तपासणी. तेव्हा फरक दिसला नाही तर क्रेन बंद. भंगार यार्डात अख्खी नोकरी मी वरच्या केबिनमध्ये काढली. खाली उभा राहून काय करू? सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.
निघताना म्हणाल्या, गोडाची फारच तलफ आली तर मूठभर द्राक्षं चालतील.

४ फेब्रुवारी
मोबाइलवर वाचलं. द्राक्षं हृदयाला चांगली, डोळ्यांना चांगली, रक्तदाबावर गुणकारी. म्हणजे बाई औषधच सांगून गेल्या, फक्त मोघम बोलल्या. तलफेची अट मी काढून टाकली. औषध काय तलफ आल्यावर घेतात?
निर्धार: चहा बिनसाखरेचा. द्राक्षं रोज.
दुपारी: बिनसाखरेचा चहा प्यायलो. तोंड कडू झालं. द्राक्षं.

६ फेब्रुवारी
बायकोशी वाद. ती म्हणते, मूठभर म्हणजे मुठीत मावतील तेवढी. मला मूठ शिकवते! आमच्याकडे क्रेनचा पंजा भंगारात घातला, मिटला, उचलला की ती एक मूठ. बाहेर तारा लोंबोत नाहीतर अख्खा दरवाजा लोंबो, मूठ एकच. मी देठ मुठीत धरून दाखवले. घड खाली लोंबत होते. एक मूठ. तिनं कपाळाला हात लावला.

१० फेब्रुवारी
मेहुणा पेटीभर द्राक्षं घेऊन आला. हिचा धाकटा भाऊ. माझ्याच क्रेनखाली उभा राहून खुणा करतो. म्हणाला, दाजी, तुमच्यासारखा हात यार्डात कुणाचा नाही, तब्येतीला जपा. अंगावर मूठभर मांस चढलं. काट्यावर त्याहून बरंच जास्त दिसलं, पण काटा जुना आहे.
खुणा त्याला मीच शिकवल्या. वर आवाज पोचत नाही, सगळा कारभार हातांवर. बोट फिरवलं की उचल. मूठ वर धरली की थांब, आहेस तिथे थांब. चांगला तयार झालाय. हल्ली विचारतो, केबिनमधला पंखा चालतो ना? काळजी आहे त्याला माझी.

१७ फेब्रुवारी
सारखी तहान. सारखं लघवीला उतरावं लागतं. शिडीचा व्यायाम आपोआप होतोय, हा फायदा मोबाइलवर दिला नव्हता.
संध्याकाळी डोळ्यांपुढे अंधुक झालं. द्राक्षं डोळ्यांना चांगली, तरी असं. डोस कमी पडतोय. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ मूठ.

२३ फेब्रुवारी
भीती वाटते. लिहूनच टाकतो, इथे कोण वाचणार आहे. वर असलो की सगळं हातात असतं. खाली कोणीही येतं, काहीही सांगतं. मला खाली नाही राहायचं.
बायको म्हणाली, बाईंना एकदा फोन करून विचारा तरी. म्हटलं, विचारायचं काय, फरक पडतोय. कसला, म्हणाली. मी द्राक्षं धुवायला उठलो.

२७ फेब्रुवारी
उद्या तपासणी. जेवण पूर्ण बंद, नुसती द्राक्षं. आता कसर नको.

२८ फेब्रुवारी
साखर दुपटीच्या घरात. बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. विचारलं, खात काय होतात? म्हटलं, तुम्ही सांगितलं तेच, मूठभर द्राक्षं. किती ते दाखवा म्हणाल्या. पिशवीत होतीच. देठ मुठीत धरून उचलली. एक घड त्यांच्या टेबलाला टेकला.
बाईंनी द्राक्षं काढून घेतली आणि माझी बोटं एकेक करून मिटली. एवढी, म्हणाल्या.
मला रडू आलं. पंख्याच्या वाऱ्यानं डोळे चुरचुरले असं सांगितलं.

५ मार्च
आजपासून मी खाली. वर मेहुणा. जाताना म्हणाला, दाजी, खुणा नीट करा हं.
दुपारी पंजा माझ्या डोक्यावर आला तेव्हा मूठ वर धरली. लगेच थांबला. चांगलं शिकवलंय मी.
घरी येऊन मूठ भरली. पाच मावली. सहावं कोंबलं तर फुटलं. बायको म्हणाली, आंबट आहेत ना या खेपेची? हो म्हटलं.
गोड होती.