शुक्राचे ढग आणि बाबांचा हात

बेंगळुरू

तीर्थरूप बाबांना सुरभीचा दंडवत.

फोनवर तुम्ही "बरं हाये" म्हणता अन् फोन आईले देता, म्हणून हे पत्र.

मी मजेत हाये, पण काम डोकं खाते. शुक्राच्या चांदणीजवळ गेलेल्या यानानं काढलेले जुने फोटो साफ करा लागते. सारे ढगच ढग. आठवडाभर डाग म्हणून जे पुसलं, ते ढगच निघाले. साहेब म्हणे, परत कर.

फोटोतली एखादी पट्टी गायब असली, की आम्ही ती दुसऱ्या फोटोतून भरतो.

आईनं वांग्याच्या वावरातले तुमचे फोटो पाठवले. एकाहीत तुमचा उजवा हात दिसत नाई. हा तुकडा मी कुठून भरू? सेलूच्या बाजारात वांगे कोण नेऊन राह्यलं?

उत्तर आईले लिहाले लावू नका. तुमच्याच अक्षरात पाठवजा.

तुमची,
सुरभी